शेवटच्या सत्राचा रकाना

आमच्या गिरणीच्या क्लबात बिलियर्ड्सचं टेबल होतं आणि त्यावर नियमाने खेळणारे फक्त चौघे होते, हे आधीच कबूल करतो. सभासद छप्पन्न होते. उरलेले बावन्न पत्ते कुटायचे, कॅरम खेळायचे, नाहीतर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून दुसऱ्यांच्या बढत्यांची चर्चा करायचे. टेबल गोऱ्या मॅनेजरांच्या काळात आलेलं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, हिरव्या कापडाखाली दगडी पाट्या. एका कोपऱ्यात कापड फाटलं होतं. तिथं गेलेला चेंडू स्वतःच्या मर्जीने वळायचा.

टेबलाबरोबर एक मार्कर होता. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, चेंडू लावून देणारा, कापडाला ब्रश मारणारा. साठीच्या आसपासचा हा माणूस सोलापुरात विजापूर वेशीजवळ राहायचा. सगळे त्याला चाचा म्हणत. त्याने स्वतः कधी खेळायची काठी हातात घेतली की आम्ही चौघे गप्प उभे राहून बघायचो. मला हा खेळ त्यानेच शिकवला, तोही चाळिशी उलटल्यावर. मी सूतखात्यात तपासनीस होतो. सुताची ठरावीक लांबीची लच्छी वजन करायची आणि सूत ठरल्या जाडीचं आहे की नाही ते नोंदवायचं, हे माझं काम. ज्याला नोंदीची सवय त्यालाच क्लबाचा चिटणीस करावं असं बाकीच्यांनी ठरवलं, आणि पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू झाला.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. कार्यकारिणीच्या एका सभेत खजिनदारांनी टेबल विकून टाकण्याची सूचना मांडली. ते गिरणीचे स्टोअरकीपर. पडून राहिलेली वस्तू त्यांच्या डोळ्यांत खुपायची. "छप्पन्न माणसांच्या क्लबातली सगळ्यात मोठी खोली चौघांना, आणि त्या चौघांसाठी एक माणूस पगारी," ते म्हणाले. "बार्शीचे एक व्यापारी टेबल न्यायला तयार आहेत. त्या खोलीत आपण टेबल टेनिस टाकू." टेबल गेलं की मार्करची जागाही जाणार, हे कोणी बोललं नाही. चाचा त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने ऐकलं.

अध्यक्ष म्हणजे गिरणीचे मॅनेजर. चहा आलेला दिसल्यावर त्यांना विषय संपवायचा होता. त्या महिन्यात मुंबईत बिलियर्ड्सच्या व्यावसायिक खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. चार-पाच देशांचे, पैसे घेऊन खेळणारे पट्टीचे खेळाडू, आणि त्यांत आपला एक. त्याचा फोटो त्याच सकाळी पेपरात आला होता. अध्यक्ष म्हणाले, "असं करू. मुंबईत आपला माणूस जिंकला तर टेबल राहील, हरला तर बार्शीला जाईल. चला, चहा घ्या."

मी ते लिहून घेतलं. इतिवृत्तात चौथा ठराव म्हणून ते शब्द जसेच्या तसे गेले, आणि दोन दिवसांनी अध्यक्षांनी न वाचता खाली सही केली.

घरी सांगितलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. तिचा हात थांबला.

"अहो, ते चहा गार होतोय म्हणून बोलले. तुम्ही लिहिलंत कशाला?"

"सभेत अध्यक्ष बोलले. सभेत बोललेलं लिहायचं असतं."

"मग 'चहा घ्या' म्हणाले, तेही लिहिलंत का?"

ते मी लिहिलं नव्हतं.

स्पर्धा सुरू झाली आणि आपला माणूस एकेक सामना जिंकत अंतिम सामन्यापर्यंत गेला. तोवर गिरणीत ज्यांनी जन्मात ती काठी पाहिली नव्हती तेही मला अडवून विचारायला लागले. पानाच्या दुकानात विचारत, सायकलच्या स्टँडवर विचारत. "काय वो, आपला किती गोलनी पुढं हाय?" मी सांगायचो की यात गोल नसतात. चेंडू खळगीत घालायचे, नाहीतर आपल्या चेंडूने दुसऱ्या दोन्ही चेंडूंना शिवायचं. त्याचे गुण मिळतात. चुकेपर्यंत एकच माणूस खेळत राहतो. "आणि दुसरा?" दुसरा खुर्चीत बसून राहतो. "बसून राहायचे पैसे मिळतात?" हा प्रश्न मला वेगवेगळ्या खात्यांतल्या अकरा जणांनी विचारला.

खेळ ज्यांना कळत नव्हता त्यांना निदान निकाल तरी वेळेवर कळावा, अशी माझी इच्छा होती. पण सोलापुरात ते शक्य नव्हतं. मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र सकाळच्या गाडीने आमच्याकडे यायचं. त्याच तारखेचा अंक मुंबईत आणि पुण्यात सकाळी दारात पडायचा, पण तो हा नव्हे. बाहेरगावचा अंक आदल्या संध्याकाळीच छापून गाडीत चढवत. त्याला डाक आवृत्ती म्हणत. म्हणजे डाक निघाल्यानंतर जगात जे घडलं, ते आमच्यापुरतं घडलेलंच नसायचं.

अंतिम सामना चार दिवसांचा होता. रोज दोन सत्रं, एक दुपारी, एक संध्याकाळी, प्रत्येक दोन तासांचं. आठ सत्रांत मिळून ज्याचे गुण जास्त तो विजेता. दुपारचं सत्र डाक आवृत्तीत यायचं. संध्याकाळचं सत्र सुरू होण्याआधीच आमचा अंक गाडीत बसलेला असायचा. आणि दुसऱ्या दिवशी ते सत्र पुन्हा छापायची पेपरवाल्यांना गरज वाटत नसे, कारण मुंबईच्या वाचकाने ते वाचलेलं असे.

मी वही घातली. आठ सत्रांचे आठ रकाने आखले. पहिल्या दिवशी दुपारचे आकडे मिळाले: आपला ४०२, परदेशी खेळाडू ४५५. संध्याकाळचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवशीच्या अंकात फक्त तिसरं सत्र होतं, आपला ३९१, तो ३४७, आणि पुढे एकूण गुण ११६८ आणि १२०३. एकूणातून तिसरं सत्र वजा केलं, उरलेल्यातून पहिलं वजा केलं, की दुसरं सत्र हातात आलं: आपला ३७५, तो ४०१. कोऱ्या रकान्यात मी पेन्सिलीने ते आकडे भरले आणि चाचाला दाखवले. त्याने वही लांब धरून पाहिली.

"क्या साब, छापे बगैर निकाले?"

"वजाबाकी केली."

"हौ," तो म्हणाला, "मगर आखरी रोज क्या करते?"

मला ते त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. आठव्या सत्रानंतर नववं सत्र नव्हतं. पाचव्या अंकात एकूण गुण येणारच नव्हते, म्हणजे वजा करायलाही काही नव्हतं. सात रकाने भरता येत होते, आणि ज्याच्यावर टेबल आणि चाचाची नोकरी अवलंबून होती तोच आठवा रकाना येत नव्हता.

मग मी साडूला गाठलं. माझे साडू रेल्वेत गार्ड होते, राहायला कुर्डुवाडीला, मूळचे केम गावाकडचे. ते पुण्याहून गाडी घेऊन यायचे. पुण्यात मुंबईची शहर आवृत्ती मिळते, एवढं मला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी त्यांना तारीख लिहून दिली, पेपरचं नाव लिहून दिलं, आणि तो अंक पुण्याहून आणायचा असं दोनदा सांगितलं.

"एवढंच ना, पाव्हणं? आणतो की."

सामना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमची डाक आवृत्ती आली. सातव्या सत्राअखेर आपला २७८४, परदेशी २९२७. आपण १४३ ने मागे, दोन तासांचा खेळ बाकी. हे कळलं तेव्हा तो बाकीचा खेळ संपून बारा तास झाले होते. मी सूतखात्यातून अर्धा दिवस रजा टाकली आणि दुपारच्या गाडीला स्टेशनवर गेलो. साडू गार्डाच्या डब्यातून उतरले, हातात हिरवा झेंडा आणि काखेत पेपर. मी उभ्याउभ्याच खेळाचं पान उघडलं. आपला २७८४, परदेशी २९२७. अक्षर न अक्षर तेच.

"साडूभाऊ, हा पेपर कुठं घेतला?"

"कुर्डुवाडीला, स्टॉलवर."

"मी पुणे म्हणालो होतो."

"अवो, तारीख तीच हाय. नाव तेच हाय. छापलाय मुंबईतच. तितनं हितवर कशाला वागवत आणायचा? नुसता चुरगळला असता."

"पण तो अंक वेगळा असतो!"

"एका तारखेचे दोन पेपर?" साडू माझ्याकडे दया आल्यासारखं बघू लागले. "पाव्हणं, असं कुटं असतंय व्हय?"

फलाटावर मी त्यांना डाक आवृत्ती समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग आमी कुर्डुवाडीकर इतकी वर्षं शिळं वाचतोय म्हणता?" मी हो म्हणालो. त्यानंतर त्यांचं माझ्या सामन्याकडे लक्षच राहिलं नाही. ते त्या पेपरवरच चिडून बसले.

रेडिओ लावला तर क्रिकेट. ट्रंक कॉल करावा तर मुंबईत माझं कोणी नव्हतं. सामना संपल्याच्या तिसऱ्या दिवशीच्या अंकात मात्र फोटो होता, बक्षीस समारंभाचा. मध्ये एक मंत्री, डावीकडे आपला, उजवीकडे परदेशी. दोघांच्याही हातात चषक. कुणाचा मोठा ते मंत्र्यांच्या हारामुळे दिसत नव्हतं. खाली फक्त डावीकडून नावं दिली होती. दोघेही हसत होते. बायकोने फोटो निरखला आणि म्हणाली, "आपला जास्त हसतोय." मी म्हणालो, हसण्यावरून काही सिद्ध होत नाही.

रविवारी सभा झाली. खजिनदारांनी डाक आवृत्तीचं कात्रण आणलं होतं.

"एकशे त्रेचाळीसने मागे. हरला. ठराव क्रमांक चार."

"हा सातव्या सत्राअखेरचा आकडा आहे," मी म्हणालो. "सामना आठ सत्रांचा होता."

"मग आठव्याचं सांगा."

"माहीत नाही."

"जिंकला असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही. माहीत नाही, असं म्हणणं आहे."

खजिनदारांनी कपाळावर हात मारला. अध्यक्षांना पुढे कुठेतरी जायचं होतं; "छापील निकाल आला की बघू," असं म्हणून ते उठले. तेही मी लिहून घेतलं: छापील निकाल सादर होईपर्यंत निर्णय तहकूब.

सभा संपल्यावर चाचाने मला बिलियर्ड्सच्या खोलीत बोलावलं. तो खडूचे तुकडे डबीत भरत होता.

"साब, वो पेपर नक्को मंगाओ."

"का?"

"मिल्या नई तो टेबल है. मिल्या तो आधा चान्स. एकसौ त्रेचालीस, दो घंटे में?" त्याने मान हलवली. तो खेळ त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता. "मेरेकू बेटी की शादी तलक तो भी रैने दो."

त्याचं बरोबर होतं. पण घरी वही उघडली की सात रकाने भरलेले आणि आठवा कोरा दिसायचा, आणि कामावर एखाद्या लच्छीचं वजन घ्यायचं राहून गेलं असावं तसं मला दिवसभर वाटत राहायचं. चाचाने सांगण्याआधीच मी वर्तमानपत्राला जोडकार्ड, म्हणजे उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं पोस्टकार्ड, पाठवून बसलो होतो. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: कृपया आमचा अमुक तारखेचा अंक पाहावा. तोच अंक. मी ते कार्ड बायकोपुढे टाकलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "तुम्हाला तुमच्यासारखंच माणूस भेटलं."

यानंतर मी खरोखर नाद सोडला. शोधायचं नाही, सापडलं तर लपवायचं नाही, असं ठरवलं आणि चाचाला तसं सांगितलंही. आणि नेमकं त्याच आठवड्यात साडू दारात हजर, घामाघूम, चेहऱ्यावर मोठं काम फत्ते केल्याचा आनंद.

"घ्या, पाव्हणं! तुमी म्हणला ते खरं निघालं. एका तारखेचे दोन पेपर असत्यात." पुण्याला गार्ड लोक मुक्काम करतात त्या खोलीतल्या कपाटाच्या फळीवर हा अंक अंथरलेला होता. वर कोणाच्या तरी केसांच्या तेलाची बाटली ठेवायची, तिचा गोल डाग पडला होता. साडूंनी बाटली उचलून पेपर काढून आणला होता. "शहर आवृत्ती. हितं कोपऱ्यात लिवलंय बगा."

"आता कशाला आणलात?"

"आता कशाला म्हंजे? फलाटावर चार माणसांत माझी शाळा घेतली, आनि आता कशाला?"

बायकोने त्यांच्यापुढे पोहे ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "वाचू नका," ती हळूच म्हणाली. मी वाचलं. डाग पहिल्या दोन ओळींवर होता, आकडे स्वच्छ होते. आपला ३२५२, परदेशी ३३१३. आपण ६१ ने हरलो होतो. मी वही काढून आठवा रकाना भरला, या वेळी शाईने. तिने पोह्यांची रिकामी कढई जरा जोरातच मोरीत ठेवली.

"आता सभेत सांगणार?"

"विषयपत्रिकेवर आहे."

"विषयपत्रिका कोण लिहितं?"

"मी."

सभेच्या दिवशी मी निघताना तिने एवढंच विचारलं, "चाचाच्या मुलीचं लग्न कधी आहे?" लग्न पुढच्या महिन्यात होतं.

सभेला चाचा चहा घेऊन आला तेव्हा मी इतिवृत्त उघडलं होतं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी वाचलं: ठराव क्रमांक चार, तहकूब. छापील निकाल प्राप्त. आपला खेळाडू पराभूत.

"झालं तर," खजिनदार म्हणाले. "बार्शीला कळवतो."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "कुठला सामना?"

मी सांगितलं. त्यांना आठवेना. मी चौथा ठराव वाचून दाखवला, त्यांच्या शब्दांत.

"हे मी म्हणालो?"

"हो. खाली आपली सही आहे."

त्यांनी वही ओढून घेतली, सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "चिटणीस, मी गमतीने बोललो असेन. गमतीत बोललेलं लिहीत जाऊ नका."

"आपण त्या वेळी हसला नव्हता," मी म्हणालो.

सगळी सभा हसली. मला त्यात हसण्यासारखं काय ते समजलं नाही. खजिनदार मात्र हसले नाहीत. "साहेब, ठराव तो ठराव. सही आहे."

"खजिनदार," अध्यक्ष म्हणाले, "मुंबईत कोणी एकजण हरला म्हणून सोलापुरातल्या माणसाची नोकरी काढली, हे उद्या गिरणीच्या मालकांना तुम्ही जाऊन सांगणार का? मी तर सांगणार नाही. टेबल टेनिस व्हरांड्यात टाका." आणि त्यांनी चौथ्या ठरावावर आडवी रेघ मारून शेजारी पुन्हा सही केली, या वेळी वाचून. कप उचलून म्हणाले, "हा चहा दर वेळी गारच का असतो?"

म्हणजे दोन महिने मी जे भोगलं, चाचाने जे भोगलं, ते एका आडव्या रेघेने मिटण्यासारखं होतं, आणि ती रेघ मारून घ्यायला मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊ शकलो असतो. बायकोने पहिल्याच दिवशी जवळजवळ हेच सांगितलं होतं. सगळ्यात चीड याची आली की हरलो म्हटल्यावर किती गुणांनी हरलो हे सभेतल्या एकानेही विचारलं नाही.

मी बिलियर्ड्सच्या खोलीत गेलो. चाचा कापडाला ब्रश मारत होता, सवयीप्रमाणे एकाच दिशेने. पाठमोराच म्हणाला, "कित्ते से गया, साब?"

"एकसष्ट."

ब्रश थांबला. "एकसष्ट? दुपार कू तो एकसौ त्रेचालीस था ना?"

मी वही काढली. आठवं सत्र: आपला ४६८, परदेशी ३८६. बोट ठेवून दाखवलं. त्याने वही लांब धरली, ओठांनी आकडे पुटपुटले.

"ब्याऐंशी," तो म्हणाला. "आखरी सेशन अपना."

"पण सामना हरलो."

"हौ, वो हुआ." त्याने ब्रश खाली ठेवला, खडू घेतला आणि गुणफलकाशेजारच्या फळ्यावर, जिथे इतके दिवस त्यानेच लिहिलेला सातव्या सत्राअखेरचा आकडा तसाच होता, तो पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं: आखरी सेशन, आपला ४६८, उनका ३८६. मी म्हणालो, खाली एकूण गुणही लिही. तो म्हणाला, जागा कहाँ है. जागा होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विणाईखात्याचे मास्तर पत्त्यांच्या खोलीकडे जाताना दारात थबकले. त्यांनी फळा वाचला आणि मला जोरात हाक मारली.

"अवो तपासनीस! जिंकलो की वो आपण! आणि तुमी काल हरलो म्हणून सांगितलं सभेत?" ते व्हरांड्याकडे वळले. "अवो खजिनदारसाहेब, हितं या जरा, हे बघा काय लिवलंय!"

चाचा माझ्याकडे न बघता चेंडू पुसत होता. खजिनदार उठून येताना दिसले.

"बसा, मास्तर," मी म्हणालो आणि वही पहिल्या रकान्यापासून उघडली. "सामना आठ सत्रांचा होता."